सरळ जुळलेलं हाड

माझा उजवा हात दंडापासून मनगटापर्यंत सरळ आहे. कोपर पूर्ण मिटतं, पूर्ण उघडतं. लहानपणी मोडलेला हात असा जुळला हे पाहून लोक आधी वा म्हणतात. मग त्यांची नजर खाली बोटांवर जाते आणि ते पाऊसपाण्याची चौकशी करू लागतात. माझी बोटं तळव्याकडे वळून बसली आहेत. पाण्याचा गडवा त्यांत अडकवता येतो, पण हात पसरून काही घेते म्हटलं तर नाही. प्रसाद घ्यायला मी डावा हात पुढे करते आणि बहुतेक पुजारी माझ्याकडे तोंड वाकडं करून पाहतात. आता मीही त्यांच्याकडे तशीच पाहते.

आम्ही ढिवर, कारध्याचे. दारासमोर वैनगंगा, नदीपल्याड भंडारा. माझा बाप फेकजाळ टाकायचा, उन्हाळ्यात रेतीवर डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या, वाड्या लावायचा, आणि यापलीकडे त्याचं आणखी एक काम होतं, ते म्हणजे मोडलेले हातपाय बांधून देणं. आजूबाजूच्या गावांतून लोक यायचे. कोणी बैलगाडीत बसून, कोणी सायकलीच्या कॅरिअरवर, कोणी खाटेवर निजून. एकदा तर एका शेतकऱ्यानं गोऱ्हा आणला होता, त्याचाही पाय बानं बांधला.

आमच्या घरात अंगाची ओळख मासोळीपासून सुरू व्हायची. मी चालायला लागले तेव्हापासून मायला मरळ चिरताना पाहत होते. मधे काटा, भोवती मांस. दोन्ही इतकी वेगळी की विळीवर एक ओढ दिली की सुटून येतात. मला वाटतं, माणसाच्या अंगाचाही बाच्या मनात तोच नकाशा होता. मधे हाड, भोवती मांस. हाड जागेवर आलं की बाकीचं आपोआप येतं, भिंत उभी राहिली की गिलावा होतोच, तसं. मांसालाही काही काम असतं, त्यालाही मरता येतं, हे आमच्या घरात कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मांस आमच्यासाठी विकायची वस्तू होती.

बांधायची त्याची रीत ठरलेली होती. आधी ओढून, चाचपून हाड जागेवर आणायचं. त्याच्या बोटांना त्यातलं कळायचं, खोटं कशाला बोलू. मग हाडजोडीच्या वेलाचा ठेचा, हळद आणि अंड्याचा पांढरा बलक कालवून लेप. त्यावर जुन्या लुगड्याची पट्टी. पट्टीवर बांबूच्या तासून गुळगुळीत केलेल्या कामट्या, आणि कामट्यांवर अंबाडीची दोरी, जाळ्याला मारतात त्या गाठीनं घट्ट बांधलेली. लेप वाळू नये म्हणून दिवसातून कितीदा तरी वरून पाणी शिंपडायचं.

त्या दोरीचा आणि त्या गाठीचा त्याला फार अभिमान होता. बाकीचे लोक चिंध्यांनी बांधतात, त्या दोन दिवसांत सैल होतात, असं तो हसून सांगायचा. अंबाडी पाणी पिऊन फुगते आणि आखडते. जाळ्याची गाठ भिजली की आणखी आवळते, कारण सैल सुटणारी गाठ घेऊन नदीत उतरणाऱ्याच्या घरी चूल पेटत नाही. पाण्यात जे चांगलं ते अंगावरही चांगलं, असा त्याचा सरळ हिशेब. असली चूक शेतकऱ्याच्या हातून झाली नसती, सुताराच्या हातूनही नाही. ती आमच्याच घरात व्हायची होती.

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि मी लहान होते, नुकतीच शाळेत जाऊ लागलेली. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, म्हणजे जत्राच. एका गावची मंडई पाहून आम्ही बैलगाडीत परत येत होतो. बा आला नव्हता. मी गाडीच्या मागच्या बाजूला उभी होते, एका हातात फुगा, दुसऱ्या हातानं खुंट धरलेला. माय दोनदा ओरडली होती, बस म्हणून. बांधाच्या खाचेत चाक गेलं, गाडी आदळली, आणि फुगा सोडायचा की खुंट हे ठरवता ठरवता मी खाली होते. उजवा हात टेकून पडले. कोपराच्या वर आतून आवाज आला, ओली फांदी मोडल्यासारखा. उठून पाहिलं तर माझं कोपर माझं वाटत नव्हतं, ते मागच्या बाजूला सरकलं होतं.

घरी पोचलो तेव्हा अजून उजेड होता. मायनं गाडीतून उतरायच्या आधीच बाला हाक मारली आणि म्हणाली, "भंडाऱ्याले नेऊ जी हिले. दवाखान्यात."

"काहून? मी मेलो का?" बा म्हणाला. मग माझं तोंड पाहून तो मऊ झाला. "तिथं कापतेत. तुया भावाचा पाय आठव ना."

माझा मामा आंबागडाकडे जंगलात लाकूडतोडीच्या कामावर होता. त्याच्या पायावर झाड पडलं होतं. घरच्यांनी तो पाय पाला बांधून तसाच ठेवला, आणि पाय सडून वास यायला लागल्यावर दवाखान्यात नेला. तिथं गुडघ्याखाली कापावा लागला. आमच्या घरात या गोष्टीतलं शेवटचं वाक्य तेवढं उरलं होतं, की दवाखान्यात नेलं आणि पाय कापला.

त्या दिवशी नदीला पूर नव्हता. पूल उघडा होता. गाडी जुंपलेली होती, बैल अजून सोडलेही नव्हते. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे लोक म्हणत, त्या काळी सोय कुठं होती. सोय होती. आमच्या दारातून दिसत होती.

बानं मला मांडीवर घेतलं. शेजारच्या दोघांनी खांदा धरला, बानं मनगट धरून ओढलं आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं कोपराचं टोक पुढे सरकवलं. मी जी किंचाळले ती मलाच दुसऱ्या कोणाची तरी वाटली. "झालं माय, झालं, झालं," तो मला म्हणत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हाड जागेवर बसलं होतं, हे मात्र खरं. मग लेप, पट्टी, कामट्या, दोरी. गाठ मारताना त्यानं दात आवळले, नेहमीसारखे.

हाड मोडल्याचं दुखणं मला ठाऊक झालं होतं. ते तीक्ष्ण होतं आणि कोपरात होतं. त्यानंतर जे सुरू झालं ते निराळं होतं. ते कोपराच्या खाली होतं, जिथं मला काहीच लागलेलं नव्हतं. हात आतून फुगत होता आणि बाहेर कामट्या होत्या. बोटं सुजून चकचकीत झाली, मग पांढरट, मग थंड. कोणी एखादं बोट जरा सरळ करायला गेलं तर मी घर डोक्यावर घ्यायची.

"बा, सोड ना," मी म्हणत राहिले. "थोडकंसं सोड."

"हाड जुडताना दुखतेच माय. दुखून राहिलं म्हणजे जुडून राहिलं."

आणि तो पाणी शिंपडायचा. प्रेमानं शिंपडायचा. ओंजळीत घेऊन, थेंब थेंब, पट्टीचा कोपराही कोरडा राहू नये असा. माझी माय माझी बोटं आपल्या गालाला लावून बसायची. "थंडी पडली जी इची बोटं," ती म्हणायची. बा म्हणायचा, लेपाचा गुण आहे, हळद उष्णता ओढून घेते. दोरी पाणी पीत होती.

मग दुखणं थांबलं. हळूहळू नाही, एकदम. दुपारी मी रडत होते आणि तिन्हीसांजेला मी गप्प होते. बोटांना मुंग्या आल्या होत्या, त्याही गेल्या. हात माझ्या अंगाला बांधलेल्या लाकडासारखा पडून होता आणि मला इतकं बरं वाटलं की मी भात मागितला. मायनं देवीपुढे नारळ फोडला. शेजारणी आल्या, त्यांना खोबरं वाटलं. बानं हात जोडून आभाळाकडे पाहिलं. त्या घरात त्या दिवशी सगळे खूष होते, आणि सगळ्यांत जास्त खूष मी होते. माझ्या हातातलं मांस त्याच वेळी मरत होतं हे सांगणारं तिथं कोणीच नव्हतं.

धान कापून, मळून घरात आलं तेव्हा बानं दोरी सोडली. पाहायला अर्धी आळी जमली होती. कामट्या निघाल्या, पट्टी निघाली, आणि बानं माझं कोपर मिटवून पाहिलं, उघडून पाहिलं, दंडावरून बोट फिरवलं. "पाहा," तो म्हणाला, "कुठं मोडलं होतं ते शोधा." लोकांनी शोधलं. कोणाला सापडलं नाही. सगळे हाडाकडे पाहत होते.

माय माझ्या हाताकडे पाहत होती. कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग वाळल्या फांदीसारखा झाला होता. दोरी जिथं होती तिथं काळ्या खपल्या होत्या. बोटं आत वळलेली होती आणि मी त्यांना कितीही सांगितलं तरी ती माझं ऐकत नव्हती.

"बांधून होतं म्हून आखडलं," बा म्हणाला. "खुलतीन."

मग मोहाच्या बियांचं तेल गरम करून मालीश सुरू झालं. सकाळ झाली की बा मला समोर बसवून एकेक बोट धरून सरळ करायचा. सरळ व्हायचीही, पण सोडली की परत जागेवर. एक दिवस अंगणात बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की मनगट खाली वाकवलं, हात लोंबता सोडला, की बोटं आपोआप उघडतात. मी धावत चुलीपाशी गेले. "माय, पाहा!"

मायनं पाहिलं. हातातलं सोडून तिनं मला पोटाशी घेतलं. "खुलली माय, खुलली." मग मी तिला आणखी दाखवावं म्हणून मनगट वर उचललं आणि बोटं गपकन मिटली. खाली केलं, उघडली. वर केलं, मिटली. मी हसत होते, मला तो खेळ वाटला. मायचं हसू मात्र विरलं. तिनं माझा हात खाली ठेवला आणि ती चुलीकडे वळली.

तिनं बाला विचारलं नाही. मासोळीची टोपली डोक्यावर घेऊन ती भंडाऱ्याला बाजारात जायची, एक दिवस मला बरोबर घेतलं. पुलावरून गेलो, टोपली ओळखीच्या बाईपाशी ठेवली, आणि दवाखान्याच्या रांगेत बसलो. आमच्या अंगाला मासोळीचा वास होता म्हणून बाकावरची माणसं जरा सरकून बसली. मायनं मुद्दाम पसरून बसायला जागा घेतली. तो स्वभाव मला तिच्याकडूनच आला असावा.

डॉक्टर वयानं लहानच होते, डोळ्यांखाली काळं. त्यांनी माझं कोपर पाहिलं, मिटवलं, उघडलं. "हाड उत्तम जुळलं आहे. कोणी बांधलं?"

"हिच्या बापानं," माय म्हणाली. तिच्या आवाजात नकळत अभिमान आला होता.

डॉक्टरांनी मनगट खाली केलं, वर केलं. माझाच खेळ. मग त्यांनी माझा कोपराखालचा हात दोन बोटांत धरला, जिथं तो काडीसारखा झाला होता, आणि बराच वेळ धरून ठेवला. ते मायशी साध्या भाषेत बोलले, त्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. म्हणाले, बोटं हलवणारं मांस बोटांत नसतं. ते इथं असतं, कोपराखाली. इथून दोऱ्यांसारख्या शिरा मनगटावरून तळव्यात जातात आणि बोटांना ओढतात. हाताला सूज आली, वरून बांधलेलं घट्ट, आत रक्त पोचलं नाही. मांस उपाशी राहिलं आणि मेलं. मेलेलं मांस आखडतं. आता ते कायमचं आखूड झालं आहे, म्हणून बोटं ओढलेली राहतात.

"पण दुखणं तं थांबलं होतं साहेब," माय म्हणाली.

"मेलेलं दुखत नाही," डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "आणलं का नाही हिला, लगेच?"

"कापतीन म्हून भेलो जी."

"कापलंच असतं," ते म्हणाले. "दोरी."

डॉक्टर सांगत होते, नागपूरला मोठ्या दवाखान्यात दाखवा, एखादी शस्त्रक्रिया करून थोडा फरक पडेल, खात्री नाही. तिच्या कानात ते शिरत होतं की नाही कोण जाणे. परत येताना पुलाच्या मधोमध ती खाली बसली, टोपली मांडीवर घेऊन. गाड्या, सायकली बाजूनं जात होत्या. मी तिला उठ म्हणत ओढत होते, डाव्या हातानं.

घरी तिनं बाला सगळं सांगितलं. बा जाळं विणत होता, विणतच राहिला. "डॉक्टर लोकाईले आपलं काम दिसतच नाही," तो म्हणाला. "हाड जुडलं का नाही? ते त्यानं बी कबूल केलं ना? बोटाईले वारं लागलं. ते माया हातचं नाही." नागपूरचं नाव काढलं तेव्हा तो उठून नदीवर गेला. मायनं तो विषय पुन्हा काढला नाही. आणि मीही, खरं सांगते, तेव्हा बाचंच खरं मानलं. वाऱ्यावर राग धरणं सोपं जातं.

डॉक्टर म्हणाले त्याचा अर्थ मला कळला तो वर्गात. मी हायस्कूलला पूल ओलांडून जायची. डाव्या हातानं लिहायला शिकले होते, अक्षर मागे झुकलेलं पण वाचता येण्याजोगं. सरांनी भिंतीवर तक्ता टांगला, कातडी काढलेला माणूस, अंगभर लाल लाल मांसाचे पट्टे. मुली तोंड फिरवून हसल्या. मी एकटक पाहत राहिले. सर काठीनं दाखवत होते. स्नायूला ढकलता येत नाही, त्याला फक्त ओढता येतं. म्हणून तो जोडीनं काम करतो. दंडाच्या पुढचा आखडला की कोपर मिटतं, मागचा आखडला की उघडतं, आणि एक ओढतो तेव्हा दुसऱ्यानं सैल सोडावं लागतं. हे मला चटकन पटलं. जाळ्याची दोरीही ओढताच येते, तिनं कोणाला ढकलता येत नाही. मग काठी कोपराखाली आली आणि त्या लांबट पट्ट्यांवरून सरकत तळव्यापर्यंत गेली. मी बाकाखाली माझं मनगट वाकवलं. वर केलं. त्या तक्त्यावर माझ्या हाताचा जो भाग मेला होता तो रंगीत आणि जिवंत काढलेला होता. वारंबिरं काही नव्हतं. त्या दिवशी घरी जाऊन मी बाशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

पण सगळ्यांत राग मला वेगळ्याच गोष्टीचा आहे. माझ्या हातानंतर बाकडे येणारे लोक वाढले. माझं कोपर ही त्याची जाहिरात झाली. कोणी मोडका हात घेऊन आलं आणि घाबरलं की बा आतून मला हाक मारायचा, "ये माय, दाखव ना कोपर." मी यायची, बाही वर करायची, हात मिटवायची, उघडायची. बोटं ओढणीखाली. आलेला माणूस समाधानानं मान हलवायचा. मोठी झाल्यावर मी यायचं बंद केलं, तेव्हा बा नुसतं सांगायचा, माझ्या पोरीचा असाच मोडला होता, पाहा कसा जुळला. त्याला त्यात लबाडी वाटत नव्हती. तो हाडाबद्दलच बोलत होता.

बरं झालेले लोक पुढच्या वर्षी नारळ घेऊन यायचे, कोणाचं डांगर यायचं, कोणाचं नवीन धान. ज्यांचं बिघडलं ते परत कशाला येतील? म्हणून बाला वाटायचं, सगळ्यांचं चांगलंच होतं. मी मात्र बाजारात, मंडईत, एसटीत लोकांच्या हातांकडे पाहायला लागले. एकदा एका मुलीची बोटं माझ्यासारखी दिसली. मी तिला तुझा हात कोणी बांधला असं विचारणार होते, तेवढ्यात ती उतरून गेली. विचारलं असतं तरी काय केलं असतं!

मी मॅट्रिक झाले. गावच्या बालवाडीत शिकवायला लागले. लग्नाचं लोकांनी विचारायचं सोडलं आणि मीही. माय एका पावसाळ्यात तापानं गेली. घरात बा आणि मी उरलो. तो थकला होता, पण जाळं टाकणं सुटलं नव्हतं आणि बांधणंही सुटलं नव्हतं. मी भांडायची. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "तू शिकली माय, तुयं खरं असन. पण हाड तं जुडते ना?" या वाक्यापुढं मला कधी जाता आलं नाही.

ऐंशीच्या दशकातला एक उन्हाळा. आंबे उतरायचे दिवस. पलीकडच्या गावची एक शेतकरी बाई आपल्या लहान मुलाला घेऊन आली. पोरगा आंब्यावरून पडला होता, उजवं कोपर. बानं संध्याकाळी बांधलं. मी बालवाडीच्या कामानं बाहेर होते, परतले तेव्हा गाठी मारून झाल्या होत्या. बानं त्यांना आमच्याच सपरीत, पुढच्या पडवीत, राहायला सांगितलं, लेप ओला ठेवायला बरं म्हणून. पोरगा रडत होता. मी म्हटलं, दवाखान्यात न्या. बाई म्हणाली, पाहू सकाळी. सकाळी बालवाडी होती, मी गेले. जाताना पुन्हा सांगितलं, तेव्हा तिनं मान हलवली आणि बाकडे पाहिलं.

दुपारी आले तर सपरीत शांत होतं. बा नदीवर गेला होता. पोरगा आईच्या मांडीवर पडून होता, डोळे अर्धे मिटलेले. ती त्याला वारा घालत होती.

"आता निवला जी बाई," ती मला म्हणाली. तिच्या तोंडावर हसू होतं. "लय रडला. आता चूप हाय."

मी खाली बसले आणि पोराची बोटं हातात घेतली. ती थंड होती, त्या रणरणत्या दुपारी. रक्त परत येतं का पाहायला नखावर अंगठा दाबून सोडला. नख पांढरं झालं आणि पांढरंच राहिलं. एक बोट किंचित सरळ केलं तर तो गुंगीतून किंचाळला. म्हणजे अजून दुखत होतं, अजून सगळं गेलं नव्हतं.

"हात कायले लावता जी? आत्ता कुठं डोया लागला त्याचा."

मी उठले. विळी आणली. दोरीखाली बोट शिरेना, इतकी ती रुतली होती. मग जाळं विणायची बांबूची सुई आणली, ती दोरीखाली सरकवली, माझ्या आखडलेल्या बोटांत ती अडकवून वर उचलून धरली, आणि डाव्या हातानं विळीच्या पात्यानं दोरी कापली. एक, मग दुसरी. बाई माझ्या दंडाला ओढत होती. मी सगळ्या कापल्या. पट्टीही उभी फाडली. कामट्या बाजूला पडल्या आणि पोराचा हात सुटा झाला, दोरीचे खोल वळ घेऊन.

जरा वेळ काहीच झालं नाही. मग त्या पांढऱ्या बोटांवर डाग डाग लाली आली, डाग पसरले, आणि रक्त आलं तसं दुखणंही आलं. पोरगा जागा होऊन टाहो फोडू लागला. बाई कपाळ बडवू लागली. "का केलं हो हे बाई? चूप झालता माया पोरगा! चूप झालता!"

तेवढ्यात बा आला, खांद्यावर ओलं जाळं. "का करून राहिली?" तो ओरडला. "हाड सरकन ना!"

"नख दाब, बा."

"सरक तू..."

"दाब म्हणते ना!"

मी त्याच्यावर एवढ्या जोरानं कधी ओरडले नव्हते. त्यानं जाळं टाकलं आणि खाली बसून पोराचं नख दाबलं. सोडलं. पांढरं झालं आणि लगेच लाल झालं. त्यानं दुसरं बोट दाबून पाहिलं. मग तिसरं. बाई रडत सांगत होती, "चूप झालता जी बाबा, चांगला चूप झालता, तुमच्या पोरीनं पाहा का केलं." बा तिच्याकडे पाहत होता. मग त्यानं एक कामटी उचलली, मऊ फडक्यावर पोराचा हात ठेवला, सैल बांधला, आणि म्हणाला, "चला, भंडाऱ्याले."

तो स्वतः आला. पोराला खांद्यावर घेऊन पुलावरून चालत आला. दवाखान्याच्या फाटकाशी थांबला, आत काही आला नाही. आत त्यांनी पोराला ठेवून घेतलं. त्याचा हात वाचला. पुढे मी त्याला पाहिलं आहे. कोपर थोडं वाकडं राहिलं, चालताना हात बाहेर जातो. गोटी मारताना मूठ मात्र छान उघडते, छान मिटते.

परतताना उन्हं उतरली होती. पुलावर मी पुढे होते, बा मागे. इतकी वर्षं मला त्याला जे बोलायचं होतं ते सगळं माझ्याजवळ तयार होतं, शब्दाशब्दानं. आज तो ऐकणार हेही मला कळत होतं. मी वळले तर तो मागे थांबला होता, कठड्याला हात लावून.

"माय," तो म्हणाला, "तू बी चूप झाली होती ना?"

"हव."

"तवाच गेला का हात?"

"तवाच, बा."

त्यानं माझा उजवा हात घेतला. मनगट खाली केलं, बोटं उघडली. वर केलं, मिटली. त्यानं हे आधी कधी करून पाहिलेलं मला आठवत नाही.

"त्या दिवशी मी पोटभर जेवलो होतो," तो म्हणाला. "तू चूप झाली म्हून. तुयी माय वाढत गेली अन् मी जेवत गेलो."